मांडवातल्या साउंडवर कीबोर्डची पारख : बांधणी, खर्च आणि आवाज

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कीबोर्ड वाजवणाऱ्याचे वाद्य वर्षभरात कुठे कुठे जाते हे ध्यानात घेतल्याखेरीज कोणत्या वाद्याला चांगले म्हणावे हे ठरवता येत नाही. वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढते, भाद्रपदात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना गणपतीच्या मांडवात वाजते, माघात चिंचलीच्या मायाक्कादेवीच्या जत्रेत भंडारा त्याच्या पट्ट्यांच्या फटींत शिरतो, आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की एका गावची हळद आटोपून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावच्या वरातीसाठी ते मोटारसायकलवर मागे बांधले जाते. सकाळी अभंग, दुपारी कन्नड भावगीत आणि रात्री हिंदी सिनेमाचे गाणे असा त्याचा दिवस असू शकतो. असे आयुष्य ज्या वाद्याला काढायचे आहे, त्याची निवड दुकानातल्या शांत खोलीत हेडफोन लावून अर्ध्या तासात केली जाते, आणि चुकीच्या खरेदीचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते.

माझे मत आधीच नोंदवतो. या भागासाठी स्टेज कीबोर्ड घेताना प्रथम बांधणी, नंतर एकूण खर्च आणि त्यानंतर आवाज हा क्रम ठेवावा. आवाज शेवटी ठेवणे कित्येकांना पटणार नाही. परंतु नामांकित कंपन्यांच्या मध्यम किमतीच्या कीबोर्डांचे पियानो, स्ट्रिंग्ज आणि ऑर्गन हे टोन आज इतके जवळजवळ आलेले आहेत की गावातल्या साउंडवाल्याच्या मिक्सरमधून आणि टॉप-बेस स्पीकरांच्या थप्पीतून बाहेर पडल्यावर दोन वाद्यांमधला फरक पाचव्या रांगेतल्या श्रोत्याला ओळखता येत नाही. एखादी पट्टी दबून राहिली किंवा गाण्याच्या ऐन अंतऱ्यात जॅक खरखरला, तर ते मात्र मांडवाबाहेर उभ्या असलेल्या माणसालाही कळते.

बांधणीत पहिली गोष्ट पट्ट्यांची. सीमाभागातले बहुतेक वादक पेटीवरून कीबोर्डकडे आलेले असतात. ज्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्यासारख्या थोर संवादिनीवादकाने हयातभर विद्यादान केले, तिथे हे स्वाभाविकच आहे. पेटीत आवाजाचा लहानमोठेपणा भात्यावर ठरतो, बोटाच्या जोरावर ठरत नाही. स्टेज कीबोर्डात याच्या अगदी उलट व्यवस्था असते. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या टोपीत कार्बनचे दोन स्पर्शबिंदू असतात. पट्टी दाबताना एक आधी टेकतो, दुसरा नंतर, आणि या दोन क्षणांतल्या अंतरावरून बोट किती वेगाने आले हे यंत्र मोजते व त्याप्रमाणे आवाज मोठा किंवा लहान करते. पेटीची सवय असलेला हात हलक्या पट्ट्यांवर पडला की सूर कधी दबतो, कधी उसळतो. म्हणून घेण्यापूर्वी वाद्यातली टच सेटिंग कुठे आहे आणि ती पूर्ण बंद करून सगळे सूर एकाच जोराने वाजवता येतात का, हे पाहून घ्यावे. हार्मोनियमच्या आणि ऑर्गनच्या टोनसाठी टच बंद ठेवून आणि पियानोसाठी तो चालू ठेवून वाजवणारे चांगले वादक या भागात पुष्कळ आहेत.

या टोप्यांची रबरपट्टीच पुढे वाद्याचे आयुष्यही ठरवते. धूळ, घाम, गुलाल किंवा दमट हवेने आलेली बुरशी दोन बिंदूंपैकी एकावर बसली की मोजमाप चुकते, आणि मग तो एकच सूर एकतर उमटत नाही किंवा हळू दाबला तरी पूर्ण जोराने फुटतो. हा दोष किमती वाद्यांतही येतो. फरक दुरुस्तीच्या सोयीत असतो. प्रचलित मॉडेलच्या रबरपट्ट्या सुट्या मिळतात, आणि जाणकार कारागीर वाद्य उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने बिंदू पुसून देतो. अनोळखी कंपनीच्या स्वस्त वाद्याचे रबर गेले की ते वाद्यच गेले असे समजावे. दुकानात परीक्षा करायची असेल तर व्हॉल्यूम वाढवून खालच्या सा पासून वरपर्यंत प्रत्येक काळी-पांढरी पट्टी एकाच बोटाने, एकाच हलक्या जोराने वाजवावी आणि कुठे आवाज उसळतो किंवा गळतो ते ऐकावे. त्यानंतर पट्टी डावी-उजवीकडे हलवून पाहावी. थोडी हालचाल सगळ्याच वाद्यांत असते, पण शेजारच्या पट्टीला घासण्याइतकी असेल तर ते वाद्य ठेवून द्यावे. काळ्या पट्टीच्या अगदी मागच्या बाजूला बोट ठेवून दाबल्यास ती किती जड लागते हेही बघावे, कारण काळी चार किंवा काळी पाच या पट्टीतल्या गायिकेबरोबर ट्रान्सपोज (बटणाने सगळे सूर वर-खाली सरकवण्याची सोय) न वापरता वाजवणाऱ्याचा हात सतत तिथेच असतो.

अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांची, पियानोसारख्या वजनदार पट्ट्यांची वाद्ये इथे विचारात घेतलेली नाहीत. ती एकट्याने उचलून नेणे जड जाते आणि आपल्या संगीताला एकसष्ट पट्ट्यांचे पाच सप्तक भरपूर होतात.

मागच्या बाजूचे जॅक हा बांधणीतला दुसरा भाग, आणि खरेदी करताना त्याच्याकडे फार थोडे लोक पाहतात. जॅकचे तोंड वाद्याच्या पेटाऱ्याला नटाने घट्ट बसवलेले आहे की नुसते आतल्या सर्किटच्या पाटीला सोल्डर करून फटीतून बाहेर काढलेले आहे, हे बाहेरूनही दिसते. दुसऱ्या प्रकारात लीडला (जोडवायरीला) कोणाचा पाय अडकला की ताण थेट सोल्डरवर येतो. अ‍ॅडॅप्टरच्या तोंडाचेही तेच. शक्य तेव्हा अ‍ॅडॅप्टरची वायर स्टँडला एकदा गुंडाळून मगच वाद्यात लावावी, म्हणजे ओढ स्टँडवर येईल. शिकाऊ गटातल्या पुष्कळ वाद्यांना स्वतंत्र लाइन आउट (मिक्सरकडे आवाज नेणारा जॅक) नसतो. एकच हेडफोनचा जॅक असतो आणि त्यात लीड घातली की वाद्याचे स्वतःचे स्पीकर बंद होतात. मग वादकाला आपला आवाज मॉनिटरमधून, म्हणजे वादकाकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून, ऐकावा लागतो, आणि गावच्या कार्यक्रमात वादकासाठी वेगळा मॉनिटर मिळेलच असे नाही. स्टेजवर जाणाऱ्या वाद्याला डावा आणि उजवा असे दोन मोठे जॅक असलेच पाहिजेत.

यातूनच आवाजाच्या परीक्षेचा एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. आपल्याकडचे बहुतेक साउंड मोनो, म्हणजे डावी-उजवी बाजू वेगळी न ठेवता, चालते. साउंडवाला एकच लीड देतो आणि वादक ती डाव्या जॅकमध्ये लावतो, जिथे सहसा एल-मोनो असे लिहिलेले असते. अशा वेळी वाद्य डावी आणि उजवी बाजू आतल्या आत मिसळून बाहेर पाठवते. हेडफोनमध्ये रुंद आणि भरदार वाटणारा पियानो दोन माइकांनी ध्वनिमुद्रित केलेला असतो. त्या दोन बाजू एकत्र आल्या की काही कंपने एकमेकांना खातात आणि टोन पोकळ, लांबून आल्यासारखा ऐकू येतो. कोरस हा आवाज दाट करणारा परिणाम लावलेल्या स्ट्रिंग्जचेही असेच होते. म्हणून दुकानदाराला विनंती करून एकच लीड एल-मोनोला लावून, एकाच स्पीकरवर, बऱ्यापैकी मोठ्या आवाजात वाद्य ऐकावे. ज्याचा साधा, एका बाजूचा पियानो आणि कोरडी स्ट्रिंग्ज या परीक्षेत टिकतात ते वाद्य मांडवातही टिकते. रिव्हर्ब (घुमारा) मात्र या वेळी बंद ठेवावा, कारण पत्र्याच्या सभागृहात तो आयताच मिळतो.

आवाजात माझ्या दृष्टीने खरी किंमत मोजावी अशा गोष्टी पियानोपलीकडे आहेत. बासरी, सनई आणि सारंगी या टोनमध्ये सुरावरून सुरावर घसरत जाता येणे आपल्या गाण्यासाठी आवश्यक आहे, आणि ते पिचबेंडवर, म्हणजे सूर वाकवणाऱ्या दांड्यावर किंवा चाकावर, अवलंबून असते. रोलंडच्या वाद्यांवर डावी-उजवीकडे हलणारा दांडा असतो व तोच पुढे ढकलला की कंप येतो. यामाहाच्या स्टेज वाद्यांवर दोन वेगळी चाके असतात. मींडेसाठी मला दांडा सोयीचा वाटतो, कारण एकाच अंगठ्याने सूर वाकवून लगेच त्यात आंदोलन देता येते. यंत्र विकत घेताना दांडा सोडल्यावर सूर बरोबर मूळ जागी येतो का, हे तानपुरा चालू ठेवून ऐकावे. मध्यबिंदू किंचित जरी सरकला असेल तरी सगळे गाणे बेसूर होते आणि दोष वादकाच्या माथी येतो.

दुसरी गोष्ट एका वेळी वाजू शकणाऱ्या सुरांची. कॅसिओच्या सीटी-एक्स९०००आयएनमध्ये ती मर्यादा ६४ आहे, कॉर्ग क्रॉस २ मध्ये १२०, रोलंड जुनो-डीएस आणि यामाहा एमएक्स६१ मध्ये १२८. साध्या भजनाला ६४ पुरतात. पण डाव्या हाताला बेस, उजव्या हाताला पियानोवर स्ट्रिंग्जचा थर, पायाखाली सस्टेन (सूर लांबवणारे पेडल) आणि मागे चालू असलेला ठेका असे सगळे एकत्र झाले की प्रत्येक थराचे सूर वेगळे मोजले जातात, आणि मर्यादा ओलांडली की आधीचा लांबलेला सूर मध्येच तुटतो. तिसरी गोष्ट टोन बदलतानाची. मुखड्याच्या शेवटी स्ट्रिंग्जवरून बासरीवर येताना आधीचा सूर कात्रीने कापल्यासारखा थांबत असेल, तर वादकाला तिथे मुद्दाम श्वास घ्यावा लागतो. यामाहाच्या मोडेक्स मालिकेत हा सांधा न तुटता टोन बदलण्याची सोय आहे, पण तिथे किंमत लाखाच्या पुढे जाते.

आता प्रत्यक्ष वाद्यांकडे वळू. किमती दुकानागणिक आणि सणागणिक हलतात, म्हणून इथे केवळ अंदाज दिला आहे.

पंचवीस ते पस्तीस हजारांच्या गटात यामाहाचा पीएसआर-आय५०० आणि कॅसिओचा सीटी-एक्स९०००आयएन ही भारतीय बाजारासाठीच तयार केलेली वाद्ये येतात. दोन्हींत स्वतःचे स्पीकर आहेत, तबला-ढोलकाचे ठेके आहेत आणि भारतीय वाद्यांचे टोन आहेत. देवळातल्या भजनी मंडळासाठी, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आणि शिकवणीसाठी ही उत्तम आहेत. साउंडवाला नसला तरी चाळीस-पन्नास माणसांना ऐकू जाईल इतका आवाज घरच्याघरी मिळतो, ही भजनाच्या दृष्टीने मोठी सोय आहे. रोजच्या ऑर्केस्ट्रासाठी मात्र मी ती सुचवणार नाही, कारण पट्ट्यांचा ताण आणि पेटाऱ्याची जाडी त्या कामाच्या हिशेबाने ठेवलेली नाही.

चाळीस हजारांच्या आसपास रोलंडचा एक्सपीएस-१० भेटतो. आपल्या भागातल्या बेंजो पार्टीत आणि ऑर्केस्ट्रात तो इतका रुळला आहे की त्याची दुरुस्ती करणारा माणूस आणि त्याच्यासाठी टोन तयार करणारा माणूस दोघेही जवळपास सापडतात. वजनाने हलका, स्वतःचे सॅम्पल (ध्वनिमुद्रित आवाजाचे तुकडे) चढवण्याची सोय, आणि तोच दांडा. त्याच्या पट्ट्या हलक्या आणि प्लास्टिकचा पेटारा पातळ आहे. जो वादक जोराने वाजवतो त्याला हे जाणवेल. तरीही पहिली सुपारी घेऊ लागलेल्या तरुण मुलासाठी, खर्च आणि उपयोग यांचा मेळ घालता, यापेक्षा शहाणपणाची सुरुवात मला दिसत नाही.

पाऊण लाखाच्या जवळपासचा जुनो-डीएस६१ हे या सगळ्या चर्चेतले माझे पसंतीचे वाद्य आहे. २०१५ साली आलेले हे वाद्य ५.३ किलो वजनाचे आहे, आठ एए आकाराच्या रिचार्जेबल सेलवर चालते, त्याला माइकचा जॅक आहे आणि वेव्ह फाइल चढवून संबळ, दिमडी किंवा ढोलकीचा स्वतःचा टोन पट्ट्यांवर मांडता येतो. सेलवर चालणे हा इथे केवळ सोयीचा प्रश्न नाही. जनरेटर बदलताना किंवा वीज गेल्यावर वाद्य बंद पडून पुन्हा सुरू होण्यात गाण्याचा जीव जातो. सेलवरच वाजवत असले तर ती वेळ येत नाही. पट्ट्या एक्सपीएस-१० पेक्षा घट्ट आणि एकसारख्या वाटतात. या मालिकेची जागा घेणारा जुनो-डी६ २०२४ मध्ये बाजारात आला असल्याने डीएस६१ चे जुने नग चांगल्या भावात निघू लागले आहेत, आणि ज्याला नवेच हवे असा हट्ट नाही त्याने ही संधी पाहावी.

कॉर्ग क्रॉस २ फक्त ३.८ किलोचा आहे आणि तोही सेलवर चालतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या वाड्यांवर बसने जाणाऱ्यासाठी हे वजन फार मोलाचे आहे. मात्र त्याचे मेनू समजून घ्यायला वेळ द्यावा लागतो आणि या भागात त्याचे जाणकार कमी आहेत. यामाहा एमएक्स६१ चा पियानो आणि ब्रास माझ्या कानाला या किमतीत सर्वांत गोड लागतात, पण त्यात बाहेरचे सॅम्पल चढवता येत नाहीत. ज्याला हिंदी-कन्नड सिनेगीते आणि भावगीतेच वाजवायची आहेत त्याने तो घ्यावा. लावणी, गोंधळ किंवा पोवाडा करणाऱ्याला तो अपुरा पडेल.

लाखाच्या पुढे यामाहाचे पीएसआर-एसएक्स७०० आणि एसएक्स९०० येतात. २०१९ मध्ये आलेली ही वाद्ये एकट्या माणसाच्या ऑर्केस्ट्रासाठी अप्रतिम आहेत. ठेका, बेस, साथीचे स्वर आणि गाण्यागणिक साठवलेल्या सेटिंग्ज एका बटणावर येतात. वजन मात्र साडेअकरा किलो आहे, त्यामुळे गाडी स्वतःची असल्याखेरीज त्यांचा विचार करू नये. धातूच्या लाल पेटाऱ्याची नॉर्ड वाद्ये बांधणीत आणि आवाजात दोन्हींत श्रेष्ठ आहेत यात शंका नाही, पण ज्या बिदागीवर आपल्याकडची वादक मंडळी जगतात त्या बिदागीतून ती किंमत वसूल होणे कठीण आहे, आणि कर्ज काढून ती घेण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

दुकानदार वाद्याबरोबर शेकडो टोन फुकट चढवून देतो, याविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. त्यातले काही फार कष्टाने तयार केलेले असतात. पण कित्येक टोन दुसऱ्याचे उचललेले, कोणत्यातरी गाण्यातून कापलेले आणि आवाजाच्या पातळीत एकमेकांशी न जुळणारे असतात. ढोलकीची थाप कानठळ्या बसवते आणि त्यानंतरची दिमडी ऐकूच येत नाही, असे घडले की साउंडवाला सगळाच कीबोर्ड खाली ओढतो. पन्नास चांगले टोन स्वतः निवडून, प्रत्येकाची पातळी कानाने जुळवून, कार्यक्रमाच्या क्रमाने लावून ठेवावेत आणि बाकीचे काढून टाकावेत. हे काम एकदा बसून केले तर चाळीस हजारांचे वाद्य पाऊण लाखाच्या वाद्याच्या बरोबरीने उभे राहते.

एकूण खर्च मोजताना वाद्याच्या बिलावर थांबू नये. जाड अस्तराची बॅग, न डगमगणारा स्टँड, सस्टेन पेडल, दोन चांगल्या लीड आणि एक डीआय बॉक्स या गोष्टी लागतातच, आणि त्यांचे मिळून सात ते दहा हजार रुपये सहज होतात. डीआय बॉक्सला अनेक जण अनावश्यक समजतात. कीबोर्डचा आउटपुट असंतुलित असतो, म्हणजे वाटेतला विजेचा गोंगाट तो सहज ओढून घेतो. मिक्सर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला असला आणि मधली लांब लीड रोषणाईच्या वायरींशेजारून गेली की घुमघुम सुरू होते. डीआय बॉक्स तो सिग्नल संतुलित करून माइकच्या वायरीतून पाठवतो आणि त्यावरचे ग्राउंड लिफ्टचे बटण बहुतेक वेळा घुमघुम बंद करते. हातात साठ हजार असतील तर साठचे वाद्य घेण्यापेक्षा पन्नासचे वाद्य आणि दहाचे सामान घ्यावे.

अ‍ॅडॅप्टर कधीही उसना घेऊ नये. जुनो-डीएसचा अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्टचा असून त्याचे मधले टोक ऋण आहे; यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेचा १२ व्होल्टचा असून मधले टोक धन आहे. पिन आत जाते म्हणून चालते असे धरून दुसऱ्याचा अ‍ॅडॅप्टर लावल्यास नुकसान आतल्या मुख्य पाटीचे होऊ शकते. जनरेटरवरच्या कार्यक्रमात लहान यूपीएस मध्ये ठेवणे केव्हाही चांगले.

पावसाळ्याची काळजी वेगळी. जांबोटी-कणकुंबीकडच्या हवेत वाद्य बॅगेत बंद करून पंधरा दिवस ठेवले की रबरावर पांढरा थर धरतो. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, दर आठवड्याला वाद्य बाहेर काढून तासभर वाजवावे, आणि पावसातून आल्यावर बॅग पुसल्याखेरीज उघडू नये. जत्रेत आणि मिरवणुकीत भंडारा किंवा गुलाल उधळला जात असेल तेव्हा पट्ट्यांवर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरून वाजवणारे वादक मी पाहिले आहेत. ते दिसायला बरे नसले तरी वाद्याचे आयुष्य वाढवते. मऊ ब्रशने फटी झाडाव्यात, तोंडाने फुंकर मारू नये, कारण फुंकरीबरोबर ओल आत जाते आणि पूड चिकटून बसते.

जुने वाद्य घेताना ते थंड अवस्थेत सुरू करून पाहावे, कारण विकणारा कधी कधी ते आधीच तापवून ठेवतो आणि थंडपणी दिसणारे दोष झाकले जातात. स्क्रू उघडल्याच्या खुणा असतील तर दुरुस्ती काय झाली ते विचारावे. प्रामाणिकपणे सांगितलेली रबरपट्टीची अदलाबदल हा दोष मानू नये, उलट ते काम होऊन गेलेले बरे. मूळ अ‍ॅडॅप्टर आणि बिल मागावे, चढवलेल्या टोनची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, आणि त्यानंतर विकणाऱ्याच्या समोरच फॅक्टरी रीसेट करून वाद्य पुन्हा एकदा पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत वाजवून घ्यावे.